नाताळात देवासाठी जागा करताना: आगमनकाळाच्या नोंदी

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार (ख्रिस्तराजाचा सण)

आज उपासनेचं वर्ष संपलं. पुढच्या रविवारी आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचा चार रविवारांचा तयारीचा काळ, सुरू होतो. दरवर्षी डिसेंबर येतो आणि गोठा (येशूच्या जन्माचा देखावा), साफसफाई, रोषणाई, खरेदी, पाहुणे यांत महिना निघून जातो. ज्याच्या जन्माचा सण, त्याच्याशी निवांत बोलणं राहून जातं. यंदा तेच काम हाती घेतलं आहे: १ डिसेंबरपासून ६ जानेवारीपर्यंत घरात रोज देवासाठी ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा.

घरात आई, बायको, आठवीतली मुलगी, तिसरीतला मुलगा आणि मी. दुसऱ्या कोणाला हे करून पाहायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून नोंदी ठेवतो आहे. काय टिकलं, काय कोसळलं आणि कशामुळे, एवढंच लिहीन.

आराखडा साधा आहे. लूकच्या शुभवर्तमानाचे (बायबलमधल्या येशूच्या एका चरित्राचे) अध्याय २४. पहिल्या तारखेपासून रोज एक वाचला की चोवीस तारखेला शेवटचा येतो. तारीख तीच अध्यायाची संख्या, त्यामुळे कुठवर आलो हे शोधावं लागत नाही. आगमनकाळ दरवर्षी २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामधल्या रविवारी सुरू होतो. यंदा तो नेमका १ तारखेला आहे, आणि रविवारच्या मिस्सेतली (चर्चमधल्या मुख्य उपासनेतली) शुभवर्तमानंही या वर्षी मुख्यतः लूकचीच आहेत. इतर वर्षी एवढं जुळणार नाही, तरी वाचन १ तारखेलाच सुरू करावं.

जोडीला चार मेणबत्त्यांचं आगमनचक्र आणि नेहमीचा नाताळगोठा. वेळ रात्री जेवणानंतर.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

जागा करण्यापासून सुरुवात. बैठकीच्या खोलीतलं कोपऱ्यातलं टेबल रिकामं केलं. त्यावर पवित्र शास्त्र, क्रूस आणि चक्रासाठी तबक ठेवलं. छान दिसत होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघतो तर टेबलावर किल्ल्या, विजेचं बिल, मोबाइलचा चार्जर, मुलाची कंपासपेटी. सगळ्यांना सांगितलं, वस्तू उचलल्या. पुन्हा तेच.

सांगून हे सुटणारं नाही. सपाट मोकळी जागा दिसली की घरातल्या माणसाचा हात तिथे वस्तू ठेवतोच, त्यात कोणाचा अनादर नसतो. म्हणून टेबलच हलवलं आणि तिथे एक लहान स्टूल आणलं. उघडं शास्त्र आणि चक्र ठेवल्यावर त्यावर किल्लीलाही जागा उरत नाही. समोर बसायला सतरंजी आणि आईसाठी खुर्ची. तेव्हापासून तिथे काहीही साठलेलं नाही. ज्यांना वेगळी खोली काढता येत नाही त्यांनी मोठ्या जागेच्या मागे लागू नये. लहान, पण दुसऱ्या कशालाच पुरणार नाही अशी जागा धरावी.

३० नोव्हेंबर, शनिवार

आगमनचक्र बांधलं. ही प्रथा योहान हिन्रिख विखेर्न या जर्मन पाळकाची. हाम्बुर्गमध्ये निराधार मुलांसाठी त्याने आश्रम चालवला होता. नाताळ कधी येणार, हे मुलं सारखं विचारायची, म्हणून १८३९ मध्ये त्याने लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या: रविवारच्या मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांच्या लहान लाल. वाट बघणाऱ्या मुलांना दिवस डोळ्यांनी दिसावेत, हाच हेतू. आजच्या चक्रावर सहसा चारच असतात, तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी.

बांधणाऱ्यांसाठी महत्त्वाचं. चारही मेणबत्त्या सारख्या उंचीच्या घेतल्या तर पहिली शेवटपर्यंत पुरत नाही. दर रविवारी एक वाढवत लावायच्या, म्हणून यंदाच्या दिवसांप्रमाणे पहिली २४ संध्याकाळी जळणार, दुसरी १७, तिसरी १० आणि चौथी फक्त ३. रोज वीस मिनिटं धरली तर पहिलीला आठ तास जळायचं आहे, चौथीला एक तास. घेण्याआधी एक मेणबत्ती तासभर लावून किती वितळते ते बघावं आणि त्यावरून हिशेब करावा. मी तसं पाहिलं आणि पहिली जाड घेतली. चारही एका मापाच्या दिसत नाहीत, मुलीला ते खटकलं. पण चौथ्या रविवारी पहिलीच्या जागी नुसता मेणाचा थर उरला तर चार ज्योती दिसणार कशा?

हिरवा पाला ओला असेपर्यंत ठीक. चार-पाच दिवसांत वाळतो आणि ज्योतीजवळ धोक्याचा होतो. दर शनिवारी बदलायचा, आणि मेणबत्तीच्या बुडाशी पाला नको, धातूची वाटी हवी.

१ डिसेंबर, रविवार

पहिला अध्याय ८० वचनांचा, लूकमधला सर्वांत लांब. जेवणं, भांडी आवरून बसेपर्यंत पावणेदहा झाले. जखऱ्याला देवदूत दिसतो तिथपर्यंत मुलगा जागा होता. मरीयेकडे गब्रीएल येईपर्यंत तो झोपला, आईला डुलकी लागली. मी वाचत राहिलो, कारण आजचा अध्याय आज संपवायचा होता. शेवटची वीसेक वचनं कोणी ऐकली नाहीत.

३ डिसेंबर, मंगळवार

जेवणानंतरची वेळ निकालात काढली. त्या वेळेला अंगात जे उरलेलं असतं ते दिवसभराचं उष्टं. सकाळची वेळ काल एकदा करून पाहिली, पण शाळेच्या गडबडीत मुलांना ओरडून सतरंजीवर बसवावं लागलं, आणि ओरडून झालेल्या प्रार्थनेला काही अर्थ नव्हता.

सगळे घरी असतात आणि कोणी दमून आडवं झालेलं नसतं अशी एकच वेळ सापडली: साडेसात ते आठ. पण ती आईच्या मालिकेची वेळ. तिच्याजवळ विषय काढला.

ती म्हणाली, "मालिका दुसऱ्या दिवशी सकाळी परत लागते, मी तेव्हा बघीन. त्याचं काही नाही. पण तू माझी वेळ मागतोयस, बाळा, तुझं काय देतोस?"

उत्तर लगेच सुचलं नाही. मी देवाला वेळ काढायचा म्हणत होतो, पण माझ्या कामांच्या यादीतून एकही ओळ खोडली नव्हती. आहे त्यावर आणखी एक काम ठेवलं होतं. सगळी सोय इतरांनी करायची होती. दोन दिवसांच्या अपयशाचं कारण वेळापत्रकात शोधत होतो, ते इथे होतं.

आजचा तिसरा अध्याय येशूच्या वंशावळीने संपतो. सत्तरच्या वर नावं. मुलं कंटाळणार असं वाटलं होतं, म्हणून एकेका माणसाने एकेक नाव वाचायचं ठरवलं. उलट जाता जाता दाविदाशी, अब्राहामाशी आणि शेवटी आदामाशी पोहोचल्यावर मुलगा म्हणाला, "म्हणजे आपणपण ह्यातच आलो." कठीण भाग गाळण्याआधी असा वाटून वाचून पाहावा.

६ डिसेंबर, शुक्रवार

आईच्या प्रश्नाचं उत्तर: गोठा.

आमच्या घरचा गोठा मोठा असतो. डोंगर, पूल, फिरतं पाणी, दिव्यांची माळ, पन्नासेक पुतळे. डिसेंबरच्या जवळजवळ सगळ्या संध्याकाळी त्यात जातात. लोक बघायला येतात, कौतुक करतात, आणि ते मला मनापासून आवडतं. त्यामुळे हा निर्णय सोपा नव्हता. देवाच्या गोठ्याच्या कामातून देवासाठीच वेळ उरत नसेल तर काम लहान करायला हवं, एवढं मात्र स्पष्ट दिसलं.

१२२३ साली ग्रेच्चो गावी आसिसीच्या संत फ्रान्सिसने नाताळच्या रात्री जे उभं केलं त्यात गव्हाणी, गवत, एक बैल आणि एक गाढव होतं. त्या गव्हाणीशी मिस्सा झाली. बेथलेहेमच्या बाळाची अडचण, गवतावरचं ते निजणं डोळ्यांनी दिसावं, अशी त्याची इच्छा होती. मीही तेवढंच ठेवायचं ठरवलं. जुन्या फळ्यांतून हातभर लांबीची गव्हाणी केली. एका संध्याकाळीच झाली. फळीच्या कडा पॉलिशपेपरने घासून घ्या, लहान मुलांच्या बोटात कुसळ जातं.

मुलगा हिरमुसला. "पप्पा, धबधबा नाही?" त्याला सांगितलं, मेंढपाळांची टेकडी तुझी, तुला हवी तशी कर, मी हात लावणार नाही. वह्यांचे पुठ्ठे आणि माती घेऊन तो लगेच कामाला लागला. टेकडी वाकडी झाली आहे. तशीच ठेवली आहे.

वेळेचा हिशेब: गोठ्यातून सुटलेल्या संध्याकाळी आता साडेसातच्या बैठकीला आणि घरातल्या इतर कामांना मिळतात. या एका बदलाने जेवढं साधलं तेवढं बाकीच्या कुठल्याच युक्तीने साधलं नाही.

८ डिसेंबर, रविवार (आगमनकाळाचा दुसरा)

रिकाम्या गव्हाणीत मुलांनी रोज गवताची काडी घालायची, प्रत्येक चांगल्या कामासाठी एक. अनेक घरांत हे करतात, बाळ येईपर्यंत मऊ बिछाना तयार होतो. आमच्याकडे शुक्रवारी सुरू झालं आणि आज भांडणापर्यंत गेलं. "मी आजीला पाणी दिलं, माझी एक काडी." "ते मी आधी देणार होतो." मग कोणाच्या किती, याची मोजणी.

बंद करण्याऐवजी नियम बदलला. काडी कोणी बघत नसताना घालायची, कशासाठी घातली ते सांगायचं नाही, आणि मोठ्यांनीही घालायची. गवत दोघांच्या मध्ये न ठेवता सगळ्यांच्या वाटेतल्या खिडकीत ठेवलं. मोजणी थांबली, कारण कोणाची कोणती हे कळेनासं झालं. गव्हाणी भरते आहे.

१० डिसेंबर, मंगळवार

दहावा अध्याय. आधी चांगला शोमरोनी, शेवटी मार्था आणि मरीया या बहिणी: घरी आलेल्या येशूच्या सरबराईत मार्था, त्याच्या पायाशी ऐकत बसलेली मरीया. वाचायची पाळी बायकोची होती. वाचून झाल्यावर तिने शास्त्र मिटलं आणि म्हणाली, "हा उतारा लहानपणापासून ऐकतेय. दर वेळी वाटतं, स्वयंपाकघरातल्या बाईलाच बोलणी बसली. मरीया बसली तर बसली, पण मग रांधायचं कोणी?"

थोडा वेळ कोणीच बोललं नाही. खरं होतं. साडेसातच्या बैठकीला सगळे नीट येऊन बसत होते, आणि ती शेवटी, हात पुसत, गॅसकडे एक कान ठेवून. तिच्यासाठी जागा झालीच नव्हती. आमच्या शांततेचा खर्च ती भरत होती.

पुन्हा वाचलं. येशू मार्थेला काम करू नकोस म्हणत नाही. ती पुष्कळ गोष्टींची काळजी आणि दगदग करते, हे तिला सांगतो. मग दगदग कमी करायची तर काम वाटलं पाहिजे. तेव्हाच ठरलं: कणीक आणि भाजी चिरणं माझ्याकडे, सातच्या आत. ताटं मुलीकडे, पाणी मुलाकडे. गॅस साडेसातला बंद, जेवण नंतर गरम करायचं. सणाच्या कामांची यादीही दारामागे लावली आणि प्रत्येकापुढे नाव लिहिलं. दोन कामांपुढे कोणीच नाव लिहिलं नाही, म्हणून ती कामं यंदा होणार नाहीत.

घरात हा प्रयोग करणाऱ्या पुरुषांनी ही नोंद दोनदा वाचावी. घरातल्या बाईच्या डोक्यावरचं ओझं तसंच ठेवून केलेली कौटुंबिक प्रार्थना फार दिवस टिकत नाही, आणि टिकू नये.

बायकोला ब्रदर लॉरेन्सबद्दल सांगितलं. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेली मठात तो वर्षानुवर्षं स्वयंपाकघरात होता, आणि भांड्यांच्या आवाजातही त्याला देवाची सोबत चॅपेलमधल्याइतकीच वाटायची. ती म्हणाली, "त्याच्या मठात पाहुणे कोण आले आणि मुलांचा अभ्यास कोणी घेतला, ते नाही लिहिलेलं." तरी दुसऱ्या दिवशी भांडी घासताना ती स्तोत्र गुणगुणत होती.

१३ डिसेंबर, शुक्रवार

संध्याकाळ बसली, पण उरलेल्या दिवसाचं काय? कचेरीत दुपारी बाराला मोबाइलचा गजर लावला होता. आंजेलस या मरीयेच्या प्रार्थनेची घंटा सकाळी, दुपारी, संध्याकाळी होते, त्यातली दुपारची तरी धरावी असा विचार. गजर नेमका बैठकीत वाजायचा, मी बंद करायचो, आणि नंतर आठवायचंही नाही. गजर बंद करण्याची सवय तेवढी लागली.

आता वेळेऐवजी वाट बघण्याशी प्रार्थना जोडली आहे. लिफ्टसाठी थांबलो, संगणक सुरू होतोय, सिग्नल लाल आहे, फोनवर पलीकडचा माणूस "एक मिनिट हं" म्हणाला, की "ये, प्रभू येशू" एवढंच म्हणायचं. पवित्र शास्त्राच्या अगदी शेवटच्या पानावरची हाक आहे ही, आणि आगमनकाळाची म्हणून हीच सर्वांत नेमकी. वाट बघणं दिवसात कितीतरी वेळा येतं, त्यासाठी गजर लागत नाही. अट एक: त्या क्षणी हात मोबाइलकडे जाता कामा नये. पहिले दोन दिवस तोच जात होता. मोबाइल शर्टाच्या खिशातून बॅगेत गेला तेव्हा जमलं.

१४ डिसेंबर, शनिवार

चौदावा अध्याय, मोठ्या जेवणाचा दाखला. एकाने शेत घेतलंय, एकाने बैल, एकाचं लग्न झालंय. तिघांची कारणं खरी आहेत, तिघांपैकी कोणीही वाईट काम करत नाही. आणि गरीब, आंधळे, पांगळे येऊन बसल्यावरही चाकर येऊन सांगतो की अजून जागा आहे. आम्ही जागा करायला निघालो होतो. इथे जागा त्याच्या घरात आधीच आहे आणि बोलावलेलेच यायला तयार नाहीत. यावर जास्त लिहीत नाही. पाला बदलला.

१७ डिसेंबर, मंगळवार

खंड पडला. वर्षअखेरचं काम आणि मुलीचा ताप. तापात तिच्याजवळ बसणं सोडून सतरंजीवर बसायचा प्रश्नच नव्हता. काल राहिलेले अध्याय एकदम वाचायला घेतले आणि अर्ध्यात थांबवले. थकबाकी वसूल केल्यासारखं होत होतं. उधळ्या मुलाच्या बापाने लेकाला लांबून बघून धाव घेतली, ते वाचतानाही मन पुढच्या पानाकडे होतं.

नियम केला: राहिलं ते राहिलं. ज्या तारखेला बसाल, त्या तारखेचा अध्याय. बाकीचे ज्याला हवे त्याने स्वतः वाचावेत. मुलीने पंधरावा अंथरुणातच वाचला.

ज्या दिवशी अध्याय झेपणारच नाही त्या दिवसासाठी लहान पर्याय: झोपताना एकेकाने सांगायचं, आज देव कुठे भेटला आणि आज कुठे त्याला टाळलं. संत इग्नाती लोयोला याने रोज दुपारी आणि रात्री असं आत्मपरीक्षण करायला शिकवलं होतं, आधी आभार आणि मग उजळणी या क्रमाने. आभार आधी, हे विसरू नका. मुलांकडून नुसती टाळलेल्या गोष्टींची यादी मागितली तर ती घाबरतात आणि गप्प होतात.

१९ डिसेंबर, गुरुवार

साडेसातला मेणबत्त्या लावल्या आणि बेल वाजली. वरच्या मजल्यावरचे काका. काकू यंदाच गेल्या. काम काही नव्हतं, नुसतेच आले होते. ते याआधीही एकदा याच वेळी आले होते, तेव्हा "जरा वेळाने येता का, प्रार्थना चालू आहे" असं सांगून दार लावलं होतं.

आज अध्याय एकोणिसावा. जक्कय उंबराच्या झाडावर चढतो आणि येशू खाली थांबून सांगतो की आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. आमंत्रण जक्कयने दिलेलंच नाही, पाहुणा स्वतःहून येतो. हे वाचायला बसलेल्या घराने काकांना परत पाठवायचं? आई खुर्चीतून उठली आणि म्हणाली, "या, बसा इथे." वाचन जक्कयच्या गोष्टीनंतर थांबलं. काका काकूंबद्दल बोलले, बराच वेळ. जेवण उशिरा झालं, मुलाचा गृहपाठ राहिला.

यापुढे सतरंजीशेजारी एक जास्तीची खुर्ची कायम. दार वाजलं तर उघडायचं.

२२ डिसेंबर, रविवार (आगमनकाळाचा चौथा)

चार ज्योती. पहिली मेणबत्ती अजून वीतभर आहे, हिशेब बरोबर बसला.

आजच्या शुभवर्तमानात मरीया अलीशिबेकडे जाते. ती तिथे सुमारे तीन महिने राहिली, असं लूक सांगतो. म्हाताऱ्या बाईच्या गरोदरपणात तीन महिने. पोटात प्रभू आणि पहिलं काम नातलगाच्या घरी. खरेदीची शेवटची फेरी रद्द करून दुपारी काकांना घेऊन आम्ही त्यांच्या बहिणीकडे जाऊन आलो.

२३ डिसेंबर, सोमवार

तेविसावा अध्याय क्रूसावरच्या मरणाचा. नाताळला दोन दिवस असताना हा मुलांपुढे वाचावा का, याचा विचार सकाळपासून करत होतो. गाळायचा नाही असं ठरवलं, सावकाश वाचला. मुलगा म्हणाला, "परवा त्याचा वाढदिवस आणि आज तुम्ही हे वाचताय?"

उत्तर मुलीने दिलं. दुसऱ्या अध्यायात मरीया त्याला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवते, आणि इथे योसेफ नावाचा दुसराच एक माणूस त्याला तागाच्या वस्त्रात गुंडाळून कबरेत ठेवतो. "दोन्ही वेळा कोणीतरी त्याला हातात घेतलंय," ती म्हणाली. ती असं काही बोलेल याची मला कल्पना नव्हती. रोज थोडं थोडं वाचत आल्यामुळेच दुसरा अध्याय तिच्या लक्षात होता.

२४ डिसेंबर, मंगळवार

पाहुणे आले आहेत, घरात पाय ठेवायला जागा नाही. बैठक दहा मिनिटांची केली आणि सगळ्यांना सामावून घेतलं. शेवटचा अध्याय, अम्माऊसची वाट. दोघे शिष्य अनोळखी सोबत्याला आग्रह करतात की संध्याकाळ झाली, आमच्याबरोबर राहा. तो आत येतो, पाहुणा म्हणून बसतो आणि भाकर मोडून त्यांना देतो. काका जास्तीच्या खुर्चीवर होते.

रात्री मिस्सेहून आल्यावर बाळ गव्हाणीत ठेवलं.

२८ डिसेंबर, शनिवार

सावध करण्यासाठी लिहितो: सगळ्यांत मोठी गळती २५ नंतर होते. लूक संपला, चक्र संपलं, पाहुणे आणि दमणूक उरली. २५, २६, २७, तिन्ही दिवस बैठक झाली नाही. आराखड्यात ६ जानेवारी लिहिलं होतं, पण सगळी तयारी २४ पर्यंतचीच होती.

खरं तर सण आत्ता कुठे सुरू झाला आहे. नाताळ ते प्रभूचं प्रकटीकरण हे बारा दिवस सणाचे मानावेत, असं ५६७ साली तूर इथल्या धर्मसभेने ठरवलं होतं. त्यातही २६ ला पहिला रक्तसाक्षी संत स्तेफन, २८ ला हेरोद राजाने मारलेली बेथलेहेमची बालकं. गोड गाण्यांच्या मधोमध हे दिवस ठेवणाऱ्यांना जग ठाऊक होतं.

आज पुन्हा बसलो. चक्राच्या मध्ये एक पांढरी मेणबत्ती लावली, मत्तयचा दुसरा अध्याय थोडा थोडा करून ६ तारखेपर्यंत पुरवायचा. आज बाळाला घेऊन मरीया-योसेफाचं मिसरकडे (इजिप्तकडे) पळून जाणं. आईने देशोधडीला लागलेल्या लेकरांसाठी प्रार्थना केली, नेहमीपेक्षा लांब. पुढच्या वेळी २५ नंतरचं वाचन आणि मेणबत्ती नोव्हेंबरातच काढून ठेवायची.

६ जानेवारी २०२५, सोमवार

प्रकटीकरणाचा सण. मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, घरात येऊन बाळाला दंडवत घालतात आणि दुसऱ्या वाटेने आपल्या देशी जातात. मुलाच्या टेकडीवरून तीन पुतळे गव्हाणीपर्यंत आणले. मधले काही दिवस पाच-सात मिनिटांवर भागवावे लागले, पण २८ पासून एकही पूर्ण चुकला नाही.

१२ जानेवारी, रविवार (प्रभूचा बाप्तिस्मा)

नाताळकाळ आज संपला. चक्र सोडवलं, गव्हाणीतलं गवत झाडांच्या बुंध्याशी घातलं. स्टूल, सतरंजी आणि जास्तीची खुर्ची तिथेच राहणार. आईने मालिका सकाळीच बघायची ठरवली आहे. कणीक अजून माझ्याकडे आहे. कचेरीतली वाट बघतानाची प्रार्थना निम्म्या वेळा विसरतो, मोबाइल पुन्हा खिशात यायला लागलाय; उद्यापासून परत बॅगेत.

लूकनेच लिहिलेली प्रेषितांची कृत्ये आता वाचायला घेतोय. अध्याय २८. उद्यापासून आठवड्याला चार धरले तर सात आठवड्यांत, १ मार्चला पुरे होतात, आणि ५ मार्चला राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार असे वार ठरले आहेत. बुधवारी मुलीचा क्लास सातला असतो. काकांनी विचारलं, पहिला अध्याय कोण वाचणार? त्यांनाच दिला आहे.